आणि एक

१८ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! बल्लारपूर ते सिंदेवाही एस.टी., पुढे कोसंबटोल्यापर्यंत एका ऑटोत, मांडीवर बॅग आणि बॅगेवर कोंबडी. कोंबडी माझी नव्हती. उतरताना तिच्या मालकिणीने मला धन्यवाद न देता कोंबडीचीच विचारपूस केली. गाव आवडलं मला.

नोकरी तीन महिन्यांची. ग्रामसभेचं मोहफूल संकलन केंद्र, म्हणजे टिनाच्या छपराच्या दोन सिमेंटच्या खोल्या, एक लोखंडी दार, आणि समोर पन्नास पावलांवर जंगलाचं फाटक. मोहाचा हंगाम आहे. बायका पहाटेच फुलं वेचायला आत शिरत, आता वाघामुळे उजाडल्याशिवाय सोडत नाहीत. कोण कोण आत गेलं त्याची यादी करायची, ती माझी नोकरी. यादीच्या तीन प्रती. एक फाटकावर, एक बायकांच्या म्होरक्या वच्छलाबाईंकडे, एक केंद्रात. परत येईल तिच्या नावापुढे टिक. बारा वाजेपर्यंत टिक नसेल तर शोधायला निघायचं. सरळ काम आहे.

प्रिंटर मात्र प्रेक्षणीय आहे. लाकूड कापायच्या एका बंद पडलेल्या आरा मशीनच्या वजनकाट्यावरचा जुना डॉट मॅट्रिक्स, पिवळट पडलेला, म्हशीएवढा. सगळ्यांनी सांगितलं, फेका. मी म्हटलं, खबरदार. कार्बनच्या तीन प्रती एका दमात काढायच्या तर पिना ठोकणाराच प्रिंटर लागतो. शिवाय मी मन्सूर मेकॅनिकची मुलगी आहे. अब्बांच्या दुकानात असल्या म्हशींच्या पोटाखालीच लहानाची मोठी झाले.

नवा कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. मग मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. सजावट नाही, फॉन्ट नाही, नुसती साधी अक्षरं थेट प्रिंटरच्या तारेत सोडायची. त्याच्या पोटात कारखान्यातून येतानाच जी अक्षरं भरलेली आहेत, तीच तो ठोकतो. ती फक्त इंग्रजी. मराठी त्याला येत नाही, म्हणून नावं इंग्रजीत छापायची.

पहिली परीक्षा म्हणून माझंच नाव पाठवलं. AMREEN. म्हैस ढिम्म. मग आठवलं, ओळ संपल्याची खूण पाठवायची राहिली. ती मिळेपर्यंत हे यंत्र ओळ पोटात धरून बसतं. बंद करून चालू केला, म्हणजे पोटातलं पुसलं गेलं. मग KOSAMBTOLA पाठवलं, खूणही पाठवली. टर्रर्र करून छान छापलं. माझं नाव काही आलं नाही. जाऊ दे.

राहायला वच्छलाबाईंकडे आहे. पन्नाशीची बाई, आवाज असा की फाटकापलीकडचं माकड खाली उतरावं. माझा आज सातवा रोजा. खजूर संपलेत म्हटल्यावर त्यांनी तव्यावर भाजलेली मोहाची फुलं पुढे केली. मोहाने रोजा सोडणारी आमच्या खानदानातली मी पहिलीच.

२० मार्च, बुधवार

आज गुणवंतराव काम सोपवायला आले. एकतीस वर्षं ही यादी त्यांनी हाताने लिहिली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वहीला नाक लावून वाचतात. अक्षर मात्र मोत्यासारखं.

वह्या चाळताना एक गंमत दिसली. रोजच्या यादीच्या शेवटी, सगळ्या नावांच्या खाली, एक जास्तीची ओळ. तिथे नाव नाही. नुसतं लिहिलंय, "आणि एक". एकतीस वर्षं, रोज.

मी विचारलं, ही कोण बाई? ते म्हणाले, कोणीच नाही. मग म्हणाले, "जंगलाले मोजून देल्लं का ते मोजून घेते, पोरी. एक जास्तीचं लिवाचं. त्याचं त्याले भेटते, बाकीच्या वापस येतेत." फाटकावरचा वारलू बायकांना आत सोडण्याआधी पहिली टिक त्याच ओळीवर करतो म्हणे. मग फाटक उघडतो.

मी त्यांना अदबीने समजावलं. (मला अदब येते, फक्त लवकर संपते.) म्हटलं, बाया अकरा आणि ओळी बारा. उद्या खरंच कोणी राहिली आणि वारलूला वाटलं की ती ही फुकटची ओळच आहे, तर? यादी माणसं शोधायला आहे, नैवेद्याला नाही. माझ्या प्रोग्राममध्ये मी पक्कं करून टाकलंय. ज्या ओळीमागे माणूस नाही ती ओळ जाणारच नाही.

ते वाद घालत बसले नाहीत. तुझं मशीन, तुझी मर्जी, म्हणाले. पण नमुन्याच्या यादीवर त्यांचं बोट खालपर्यंत गेलं, शेवटच्या नावाखाली कोऱ्या कागदावर थांबलं, आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

२१ मार्च, गुरुवार

पहिली यादी! सहाला प्रिंटर टरटरला आणि अकराच्या अकरा बायका खिडकीशी जमल्या. रुखमा सगळ्यांत लहान, यंदाच लग्न होऊन आलेली, तोंडाने फटाकडी. तिने आपलं नाव कुठलं ते विचारून घेतलं, कागद उलटा केला आणि मागून उमटलेली टिंबं बोटाने चाचपली. म्हणाली, "मायं नाव तं टोचून राह्यलं वो!" सगळ्या हसल्या. अकरा गेल्या, अकरा आल्या.

वारलूला इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचावी लागतात, त्यात तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. तरी जमवतो.

२३ मार्च, शनिवार

तीन दिवस यादी चोख. एकच कटकट. वारलू यादीच्या खाली, कोऱ्या जागेत, रोज सकाळी एक टिक करतो. ओळच नाही आणि टिक! आज पकडलं. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, सरकारी माणूस आला आणि ही बारावी टिक कोणाची म्हणून विचारलं तर मी काय सांगू, भुताची? तो नाई करणार म्हणाला.

मी पण ना. अम्मी म्हणते तुझी जीभ कात्री आहे. रोजात तरी आवरावी.

२६ मार्च, मंगळवार

काल धुळवड, परवा होळी. दोन दिवस कोणी आत गेलं नाही. आज सगळ्या गेल्या.

नीट लिहिते. सकाळपासून, क्रमाने लिहिते.

सकाळी अकरा नावं छापून झाली. मी कागद फाडायला हात घातला तर प्रिंटर पुन्हा टरटरला. बारावी ओळ. RUKHMA. तिचं नाव वर चौथ्या ओळीत होतंच. मला वाटलं, पोटात काहीतरी उरलं असेल, जुन्या यंत्रांचं होतं असं. मी ती ओळ कात्रीने कापली आणि यादी वारलूला दिली. त्याने खाली टिक केली नाही. मीच सांगितलं होतं.

बारा वाजता दहा टिका.

दोन वाजता ती सापडली. मोहाच्या झाडाला टेकून बसलेली. टोपली काठोकाठ भरलेली. चपला काढून शेजारी जोडून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. अंगावर ओरखडा नाही. वाघाचा माग नाही. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. बावीस वर्षांच्या पोरीचं हृदय!

 कोणीतरी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कापलेली ओळ माझ्या पर्समध्ये आहे. मागून चाचपली. टोचते.

२७ मार्च, बुधवार

प्रिंटर पूर्ण उघडला. सगळं साफ केलं. प्रोग्राम दहा वेळा वाचला. चूक नाही. चूक दुसरीकडे आहे आणि ती माझी आहे, हे मला माहीत आहे. ती ओळ मी काढली. ती टिक मी बंद केली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण रुखमा गेली यावर ठेवावाच लागतो.

"आणि एक" पुन्हा घातलं. ANI EK. गुणवंतरावांच्या पाया पडून सांगून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण ते स्वतःच घाबरले होते.

२८ मार्च, गुरुवार

बायका थांबायला तयार नाहीत. मोह महिनाभर गळतो, मग वर्षभर वाट. आज दहा जणी.

दहा नावं छापली. अकराव्या ओळीला ANI EK यायला हवं होतं. कागद एक ओळ वर सरकला. कोरा. मग पिना पुन्हा चालू झाल्या, हळूहळू, कोणीतरी विचार करून लिहितंय तशा.

वच्छला.

मराठीत. त्याच्या पोटात मराठीचं एक अक्षर नाही. मी त्याला फक्त इंग्रजी नावं दिली होती. वरची रेघ सलग, कुठे तुटलेली नाही. च्छ सुद्धा बरोबर.

मी धावत गेले. वच्छलाबाईंची टोपली हिसकावली आणि फाटकात आडवी बसले. त्या खवळल्या. तीस वर्षं जाते मी जंगलात, तू कोण कालची पोट्टी, म्हणाल्या. मी म्हटलं, कालची तर कालची, पण जाल तर माझ्या अंगावरून जाल. त्या शिव्या देत घरी गेल्या. नऊ जणी आत गेल्या, नऊ परत आल्या. वच्छलाबाई संध्याकाळी मला भाजलेला मोह वाढताना सुद्धा शिव्याच देत होत्या. इतकं गोड मला आजवर काही लागलं नव्हतं.

जिंकले!

२९ मार्च, शुक्रवार

जिंकले नाही. सकाळी पुन्हा तेच नाव, कालच्यापेक्षा ठळक. वच्छलाबाईंना मी घरातच कोंडलं. दुपारी जाऊन पाहिलं तर त्या खांबाला टेकून बसलेल्या. डोळे मिटलेले. चपला शेजारी जोडून ठेवलेल्या.

गदागदा हलवलं तेव्हा जाग्या झाल्या. मोहाखाली बसल्यासारखं वाटत होतं म्हणाल्या, थंडगार, बरं वाटत होतं.

गुणवंतरावांकडे गेले. ते म्हणाले, "आधी बिननावाचं भेटे, तं ते उगी राहे. आता त्याले नावाची चव लागली. लिवलेलं नाव ते सोडत नाई, मंग घरी बसा का जंगलात." मी चिडून विचारलं, मग उपाय काय? म्हणाले, एकतीस वर्षांत कोणी ओळ गाळलीच नव्हती.

बरं. मग उपाय मी काढीन.

३१ मार्च, रविवार

दोन दिवस यादी हाताने लिहिली, खाली "आणि एक", वारलूची टिक. बाकीच्या सुखरूप. प्रिंटरची वायर भिंतीतून काढून गुंडाळून माझ्या उशाशी ठेवली होती. तरी आज सकाळी सहाला तो टरटरला.

वच्छला.

मी त्याला लाथ मारली. माझा अंगठा सुजलाय. त्याला काही झालं नाही. पण मारली याचं बरं वाटतंय. ऐकतोस ना? पुन्हा मारीन.

१ एप्रिल, सोमवार

वच्छलाबाई आज पहाटे सहरीच्या जेवणाला उठल्या नाहीत. रोज त्याच मला उठवतात. मी उठवलं. चार वेळा हाक मारावी लागली. हात गार. पायाशी चपला जोडलेल्या. मी त्या चपला विहिरीत फेकल्या.

अब्बांना फोन केला. खरं कारण सांगितलं नाही. विचारलं, जुन्या प्रिंटरच्या पोटात अडकलेली ओळ कशी काढायची. ते म्हणाले, आधी गेलेली ओळ आधी बाहेर येते, तिच्यापुढे कोणाचा नंबर नसतो. पण ओळ संपल्याची खूणच दिली नसेल तर ती तशीच पडून राहील बेटा, संपवल्याशिवाय निघणार कशी.

ओळ संपवली नाही.

पहिल्या दिवशी. माझं नाव. सगळ्यांच्या आधी गेलेलं, न संपवलेलं. बंद केल्यावर पुसलं गेलं असं मी धरून चालले. त्याची तर वायर काढली तरी तो छापतो. तो काय पुसणार!

म्हणजे पहिला नंबर माझा आहे. रुखमाच्याही आधी माझा होता. आणि मी खिडकीशी उभी राहून हसत होते.

२ एप्रिल, मंगळवार

वच्छलाबाई जेवत नाहीत. अनवाणी आहेत तरी कोणाच्या तरी चपला आणून जोडून ठेवतात. कोणाच्या ते विचारलं. "रुखमाच्या," म्हणाल्या.

रडले. खूप रडले. मग तोंड धुतलं आणि प्रोग्राम उघडला.

माझा बेत लिहून ठेवते. कोणाला तरी लागेल.

एक खूण पाठवायची, ओळ संपल्याची. माझं नाव सुटेल. ते वच्छलाबाईंच्या आधीचं आहे, त्याला आधी तेच घ्यावं लागेल. एवढ्यावर थांबले तर मी नुसती मूर्ख ठरेन, उद्या तो पुन्हा त्यांच्यावर येईल. म्हणून माझ्या नावामागे, जराही फट न ठेवता, ANI EK. एकदा नाही, दहा हजार वेळा. प्रत्येक ओळ संपवून. त्याच्या पोटात दुसऱ्या कोणाचं नाव शिरायला जागाच उरणार नाही. आधी माझं, मग वर्षानुवर्षं बिननावाचं. खा म्हणावं. चव विसरेपर्यंत खा.

तो प्रोग्राम माझा आहे आणि मशीन बल्लारपूरच्या मेकॅनिकच्या पोरीच्या हातात आहे. बघू कोण कोणाला छापतं.

वारलूला सांगून ठेवलंय, यादीत कुठेही "आणि एक" दिसलं की टिक कर. मी रागावले होते ते विसर. तो म्हणाला, "म्या कधीच विसरलो मॅडम." आणि रडायला लागला.

३ एप्रिल, बुधवार. सकाळी सहा

तेविसावा रोजा. लोखंडी दार आतून लावलंय. अब्बांचा स्क्रू ड्रायव्हर हातात. ओढणीच्या टोकाला मोहाची सात फुलं बांधलीत, संध्याकाळसाठी. संध्याकाळ होईल असं धरून चाललेय.

कागदाचा नवा खोका लावला. खूण पाठवली. मागे दहा हजार.

साडेसहा

शांत. खिडकीतून नऊ जणी आत जाताना दिसल्या. घाबरलेय. लिहून टाकते, म्हणजे संपलं. घाबरलेय, पण हलणार नाही.

दहा

काही नाही. खोलीत मोहाचा वास येतोय. दार बंद, खिडकी बंद. थंडगार वाटतंय. एप्रिलात, टिनाखाली.

बरं वाटतंय. हेच म्हणाल्या होत्या त्या.

नाही. उभी राहूनच लिहिते. टेकणार नाही.

बारा

नऊ टिका! वारलूने बाहेरून ओरडून सांगितलं. नऊच्या नऊ —

माझ्या चपला शेजारी जोडलेल्या आहेत. मी जोडल्या नाहीत. लाथेने उडवल्या. एक कपाटाखाली गेली. एक भिंतीला —

पुन्हा जोडलेल्या.

पुन्हा उडवल्या.

साडेबारा

दारावर धडाधड. वच्छलाबाई! तोच आवाज. माकडं उतरवणारा. मले उपाशी ठेवून इथी काय करून राह्यली, दार उघड, म्हणतायत. जेवायला मागतायत! शिव्या देतायत! अल्लाह, किती सुंदर शिव्या —

सुटल्या. त्या सुटल्या. ऐक रे म्हशी, सुटल्या त्या —

चालू झाला. वायर ओढतेय, निघत नाहीये, पिना चालूच —

पिनांचं डोकं उपटून हातात घेतलंय, गरम आहे, तरी कागदावर उमटतंय —

रुखमाचा बदला म्हणून स्क्रू ड्रायव्हर खुपसला, तरी —

छाप. छाप हिंमत असेल तर. माझ्यामागे दहा हजार आहेत. त्यात तुला एकही बाई मिळणार नाही —

अ आला.

म आला. पाय गार. उभीच आहे. टेकले नाही, लिहून ठेवा कोणीतरी, टेकले ना—

रीची वेलांटी